धनादेशावर मिटणारा हा गुन्हा नाही!

गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस गुदमरून मेला की पुढचे दोन दिवस कोणत्याही शहरात साधारण एकसारखेच जातात. अग्निशमन दल प्रेत बाहेर काढते. पोलीस 'अकस्मात मृत्यू'ची नोंद करतात. ठेकेदाराचा फोन बंद असतो, पण त्याचा माणूस मात्र शवागाराच्या दारात हजर असतो. सोसायटीचा सेक्रेटरी येतो, नगरसेवक येतो, आणि बहुतेक वेळा गळ्यात निळा गमछा घातलेला एखादा पुढारीही येतो. मग त्या विधवेला बाजूला घेऊन सांगितले जाते, "वहिनी, गेलेला माणूस काही परत येणार नाही. कोर्टकचेरीत जन्म जाईल. हे पैसे घ्या, इथे सही करा आणि लेकरांचं बघा."

ज्या कागदावर सही घेतली जाते त्यावर लिहिलेले असते, 'सदर घटना अपघाताने घडली असून आमची कोणाविरुद्धही तक्रार नाही.' आमचा सगळा वाद या एका वाक्याशी आहे.

गटारातला मृत्यू हा कायद्याने गुन्हा आहे. त्या कुटुंबापुढे कायद्याच्या पाच वाटा आहेत आणि पाचही वाटांवर एकाच वेळी चालता येते. ठेकेदार, सोसायटी, महापालिका आणि पोलीस यांचा सारा खटाटोप एवढ्यासाठी असतो की त्या बाईला पाचांपैकी एकच वाट दिसावी, आणि तीही सर्वांत स्वस्तातली. ज्या कार्यकर्त्याला बाकीच्या चार वाटा माहीत नाहीत, तो घोषणा कितीही मोठ्याने देवो, शेवटी तो त्याच स्वस्त वाटेवरचा हमाल ठरतो. म्हणून हा लेख.

शब्दांची चलाखी

'हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम' २०१३ मध्ये झाला आणि ६ डिसेंबर २०१३ पासून, म्हणजे महापरिनिर्वाण दिनापासून, लागू झाला. तारीख तेवढी बाबासाहेबांची घेतली, नियत मात्र घेतली नाही. या कायद्याचे कलम ७ सांगते की कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा संस्था कोणालाही गटाराच्या वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कामाला लावणार नाही. 'कोणतीही व्यक्ती' यात सोसायटीचा अध्यक्षही आला. 'अप्रत्यक्षपणे' या शब्दात ठेकेदाराच्या आड लपणारी महापालिकाही आली. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

एवढा कायदा असताना सरकार काय सांगते? जुलै २०२१ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत उत्तर दिले की हाताने मैला उचलण्याच्या कामामुळे एकाही मृत्यूची नोंद नाही. त्याच सरकारने जुलै २०२४ मध्ये संसदेत सांगितले की २०१९ ते २०२३ या काळात गटारे आणि सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईत ३७७ माणसे मेली. ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी कशी देता येतात? 'मैला उचलणे' वेगळे आणि 'धोकादायक सफाई' वेगळी, अशी व्याख्येची भिंत मध्ये उभी केली की देता येतात. टाकीत उतरलेल्या माणसाच्या नाकातोंडात जाते ते एकच असते, पण सरकारी कागदावर त्याची दोन नावे होतात. आणि ते उत्तर वाचायला उभा केला जातो तो रिपब्लिकन नाव लावणारा मंत्री. यावर आम्ही वेगळे काय बोलावे?

मरणारे कोण आहेत हेही सरकारनेच मोजले आहे. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत नोंदलेल्या गटार आणि सेप्टिक टाकी कामगारांत सुमारे दोन तृतीयांश अनुसूचित जातींचे आहेत. २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंचे सामाजिक लेखापरीक्षण झाले, त्यात ४९ जणांच्या अंगावर कसलेही सुरक्षासाधन नव्हते. जातीने नेमून दिलेले काम, जातीने नेमून दिलेला मृत्यू, आणि नोंद मात्र 'अकस्मात'! दरवर्षी, त्याच कारणाने, त्याच वस्त्यांतली माणसे मरत असतील तर त्यात अकस्मात काय आहे?

पहिली वाट : फौजदारी

पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूच्या नोंदीवर थांबायचे नाही, एफआयआर हवा. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहिता लागू आहे. इथे पोलीस एक चाल खेळतात, ती नीट समजून घ्या. ते कलम १०६ लावतात, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू. त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि जामीन सहज मिळतो. आपण मागायचे ते कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध. त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

फरक फक्त शिक्षेचा नाही. ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(२)(v) लागायचे तर मूळ गुन्हा दहा वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेचा असावा लागतो. कलम १०५ त्यात बसते, १०६ बसत नाही. म्हणजे ठाणे अंमलदाराने १०६ लिहिले की त्याने ॲट्रॉसिटीचे सर्वांत कडक दार त्याच क्षणी बंद केलेले असते, आणि बाहेर घोषणा देणाऱ्या पाचशे जणांना त्याचा पत्ताही नसतो.

सदोष मनुष्यवध का? कारण मृत्यू होऊ शकतो हे माहीत असूनही माणसाला आत पाठवले. बंद टाकीत विषारी वायू साचतो हे आज कोणाला माहीत नाही? सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत, सरकारी परिपत्रके आहेत, दरवर्षीच्या बातम्या आहेत. ज्याला हे ठाऊक आहे तोच यंत्राचे भाडे वाचवायला माणूस उतरवतो. त्याला निष्काळजी म्हणणे म्हणजे त्याच्या हिशेबीपणाचा अपमान आहे.

सफाई कायद्याची कलमे आणि ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(j), म्हणजे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला हाताने मैला साफ करायला लावणे, हीही एफआयआरमध्ये मागा. 'गटार म्हणजे मैला नव्हे' अशी व्याख्या पुढे केली तर ते उत्तर लेखी मागा. ॲट्रॉसिटीचा एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे कलम १८ क ने स्पष्ट केले आहे. जातीचा दाखला नंतरही जोडता येतो. आरोपी स्वतः अनुसूचित जातीचा असेल तर त्याच्यावर हा कायदा लागत नाही, आणि म्हणूनच अनेकदा आपल्यातलाच एखादा मुकादम पुढे केला जातो. तेव्हा मुकादमावर थांबू नका. काम कोणी काढले, बिल कोण देणार होते, हे विचारत वरपर्यंत जा.

आणि एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा. सफाई कायद्याच्या कलम १० प्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार झाली नाही तर न्यायालय या कायद्याखालील गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. तेरावा, महिन्याचा विधी, गावाकडची ये-जा यात हे तीन महिने कसे सरतात ते कळतही नाही. "साहेब बघतो म्हणालेत" हे वाक्य याच तीन महिन्यांसाठी बनवलेले असते.

दुसरी वाट : तीस लाख

बेझवाडा विल्सन यांच्या सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २७ मार्च २०१४ ला निकाल लागला : १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येक माणसाच्या कुटुंबाला १० लाख रुपये. पुढे २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्यायालयाने ही रक्कम ३० लाख केली. ज्या कुटुंबांना आधीची भरपाई मिळालीच नाही त्यांनाही हीच रक्कम द्यावी, असे त्या निकालात आहे. वारसांचे पुनर्वसन, मुलांचे शिक्षण आणि ठेक्यावरच्या कामात मृत्यू झाला तर ठेका रद्द करून ठेकेदारावर आर्थिक जबाबदारी टाकणे, हेही त्यात आहे.

म्हणजे शवागाराच्या दारात जो माणूस पाच लाखांचे पाकीट पुढे करतो, तो कायद्याने ठरलेल्या रकमेच्या सहाव्या हिश्श्यात सौदा करत असतो, आणि वर उपकाराचा आव आणत असतो.

'खासगी सोसायटीत मेला, आमचा काय संबंध?' असे सरकारी कार्यालय म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच मुंबईत मिळालेले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीच्या एका खासगी सोसायटीच्या सेप्टिक टाकीत तीन कामगार गेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सरकारला त्या प्रत्येकीला १० लाख देण्याचा आदेश दिला आणि ती रक्कम जबाबदार लोकांकडून नंतर वसूल करण्याची मुभा सरकारला ठेवली. आधी कुटुंबाला द्या, मग तुमची वसुली तुम्ही करत बसा, हा त्याचा अर्थ. नवऱ्याचे सुतक फिटते न फिटते तोच सरकारच्या विरोधात कोर्टात जाणाऱ्या या बायांनी जे केले ते कित्येक संघटनांना जमलेले नाही.

जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा, प्रत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना द्या आणि दोन्हीकडची पोच घ्या. फोटो काढून दिलेल्या निवेदनाला न्यायालयात किंमत नसते, शिक्का मारलेल्या पोचेला असते.

तिसरी वाट : ॲट्रॉसिटीखालचे साहाय्य

ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला की मृत्यूच्या प्रकरणात नियमांप्रमाणे ८ लाख २५ हजारांचे साहाय्य आहे. निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर. त्याशिवाय विधवेला किंवा अवलंबितांना दरमहा ५,००० रुपये मूळ निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता, कुटुंबातल्या एकाला नोकरी, गरजेप्रमाणे शेतजमीन किंवा घर, मुलांचा पदवीपर्यंतचा शिक्षणखर्च. हे सगळे नियमांच्या परिशिष्टात छापलेले आहे. एफआयआरमध्ये ॲट्रॉसिटीचे कलम नसेल तर यातले काहीही मिळत नाही. एका ठाणे अंमलदाराच्या पेनाने कुटुंबाचे किती नुकसान होते ते आता लक्षात येईल.

चौथी वाट : कामगार म्हणून

तो माणूस कामावर असताना मेला. कामगार नुकसानभरपाईचा कायदा इंग्रजांच्या काळात, १९२३ मध्ये झाला. आता त्याच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत, पण मूळ तत्त्वे तीच आहेत. काम ठेकेदारामार्फत करून घेतले तरी मुख्य मालकाला हात झटकता येत नाहीत. रक्कम वय आणि पगारावर ठरते : पगाराच्या निम्म्याला वयाप्रमाणे ठरवलेल्या आकड्याने गुणायचे. तीस वर्षांच्या कामगाराचा महिना १५,००० रुपये धरला तर हा हिशेब १५ लाख ५९ हजारांच्या पुढे जातो.

या कायद्यातल्या दोन गोष्टी शवागाराच्या दारातल्या त्या माणसाला ऐकवा. एक, मृत्यूची भरपाई मालकाने सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते; परस्पर कुटुंबाच्या हातात दिलेली रक्कम ही कायद्याने भरपाई दिली असे धरले जात नाही. दोन, भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या कायदा करणाऱ्यांनाही माहीत होते की प्रेत घरात असताना मालक सही घ्यायला येणार.

पाचवी वाट : उच्च न्यायालय

पोलीस एफआयआर घेत नाहीत, जिल्हाधिकारी उत्तर देत नाहीत, तेव्हा अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आहे. जगण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये आहे आणि तो हिरावला गेला तर राज्याला भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार न्यायालयांना आहे. १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही भरपाई दिवाणी दाव्यातल्या भरपाईपेक्षा वेगळी आहे. कोणती रक्कम कोणत्या रकमेत वळती करायची हे न्यायालय ठरवेल. ते ठरवण्याचा अधिकार ठेकेदाराला नाही, नगरसेवकाला नाही, आणि मध्यस्थी करणाऱ्या आपल्या पुढाऱ्याला तर मुळीच नाही.

वकिलाला पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि स्त्रियांना मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय आहे. वकील चांगला मिळत नसेल तर आंबेडकरी वकिलांनी काळा कोट फक्त जयंतीच्या मिरवणुकीत मिरवायचा नसतो, हेही सांगायची वेळ आली आहे.

"घरात दाणा नाही, तुम्ही कायदा शिकवता?"

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून आम्ही पुढे जाणार नाही. ज्या घरात कमावणारा एकच होता, तिथे उद्याचे दूध, घरभाडे आणि शाळेची फी यांना तारखा पडत नाहीत. अशा बाईने समोर आलेले पैसे नाकारावेत असे सांगणे हा पोट भरलेल्या माणसाचा क्रांतिकारकपणा आहे. पैसे घ्यावेत. पण सही द्यायची ती फक्त पैसे मिळाल्याच्या पावतीवर, 'तक्रार नाही' या वाक्याखाली नाही. आणि सही झालीच असेल तरी हातपाय गाळू नका. सदोष मनुष्यवध किंवा ॲट्रॉसिटी हे गुन्हे दोघांच्या आपसातल्या तडजोडीने मिटत नाहीत. ती सही दडपणाखाली कशी घेतली गेली हे सांगता येते.

पण त्या बाईला तीन महिने धीर धरायला सांगायचे असेल तर ते तीन महिने चळवळीने वाटून घेतले पाहिजेत. आपल्याकडे चौदा एप्रिलला डीजेसाठी वर्गणी निघते. त्याच वस्तीत गटारात मेलेल्या माणसाच्या घरी तीन महिन्यांचा किराणा भरायला निघत नसेल, तर ठेकेदाराच्या पाकिटाला दोष देण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

आणि त्या निळ्या गमछ्यातल्या मध्यस्थाबद्दल स्पष्टच बोलू. तो म्हणतो, मी कुटुंबाला पैसे मिळवून दिले. खरे आहे. त्याने तीस लाखांच्या हक्काचे पाच लाख मिळवून दिले, एफआयआर १०६ वर थांबवला, तीन महिने घालवले आणि त्या ठेकेदाराला पुढच्या टाकीसाठी मोकळा सोडला. पुढच्या टाकीत कोण उतरणार आहे? आपल्याच वस्तीतला कोणीतरी. म्हणून हा हिशेब एका घरापुरता राहत नाही. माणूस उतरवणे यंत्रापेक्षा महाग पडेल तेव्हाच यंत्र येईल. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत माणसे गटारात उतरवण्यावर बंदी घातली. ती बंदी कागदावर राहील की रस्त्यावर येईल, हे तडजोडी किती होतात यावर ठरणार आहे.

पहिल्या तीन दिवसांत काय करायचे

तरुण कार्यकर्त्यांनो, प्रत्येक वस्तीत चार जणांनी एवढे पाठ करावे. घटनास्थळाचे फोटो आणि व्हिडिओ लगेच घ्या; यंत्र नव्हते, दोर नव्हता, मास्क नव्हता हे त्यात दिसू द्या. सोसायटीच्या किंवा रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण जप्त करण्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी पोलिसांना द्या, कारण काही दिवसांत ते पुसले जाते. मृताच्या फोनमधले ठेकेदाराचे कॉल आणि मेसेज जपून ठेवा, कारण उद्या तो 'हा आमचा माणूसच नव्हता' म्हणणार आहे. सोबतच्या कामगारांचे जबाब ते धमकावले जाण्याआधी नोंदवून घ्या. शवविच्छेदनाचा अहवाल आणि एफआयआरची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते. ठाण्यात ऐकले नाही तर पोलीस अधीक्षक वा आयुक्तांना लेखी तक्रार, तिथेही नाही तर न्यायदंडाधिकारी. आणि प्रत्येक कागदाची पोच.

हे काम कंटाळवाणे आहे. यात भाषण नाही, स्टेज नाही, बॅनरवर फोटो नाही. पण बाबासाहेबांचा वारसा सांगताना आपण अर्धाच सांगतो. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते आपल्याला पाठ आहे. त्याच वर्षी डिसेंबरात सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि बाबासाहेब तो दावा लढत राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला तो १७ मार्च १९३७ ला. ओंजळीत पाणी घ्यायला एक क्षण लागला, ते पाणी कायद्याने आपले ठरायला दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत त्यांनी तडजोडीच्या कागदावर सही केली असती तर?

तेव्हा पुढच्या वेळी शवागाराच्या दारात कोणी म्हणाले, "वहिनी, सही करा," तर त्या वहिनीच्या शेजारी आपल्यातला एक जण उभा असला पाहिजे. त्याच्या हातात झेंडा असो वा नसो, पेन आणि कोरा कागद असलाच पाहिजे, आणि त्याने एवढेच म्हटले पाहिजे, "थांबा. आधी एफआयआर."

जय भीम!